‘बेअर’ला ‘इअर’ का जुळत नाही?

माझी भाची दुसरीत आहे, सेमी-इंग्रजीत. परवा तिच्या वहीत लाल शाईची ठसठशीत फुली दिसली. प्रश्न जोड्या लावायचा होता. डावीकडे अस्वलाचं चित्र आणि खाली बी-ई-ए-आर, बेअर. उजवीकडे दोन चित्रं: एक कान, ई-ए-आर, इअर, दुसरी खुर्ची, सी-एच-ए-आय-आर, चेअर. यमक जुळणाऱ्या शब्दाकडे रेघ ओढायची. तिने अस्वलापासून निघून थेट कानापर्यंत सरळ रेघ मारली होती, पट्टी धरून.

“मामा, तूच बघ ना,” ती म्हणाली, “बेअरच्या आत अख्खा इअर बसलाय. बी वर बोट ठेवलं की इअरच उरतो. मग चूक कसं?”

बोट ठेवून पाहिलं. खरोखरच इअर उरत होता.

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिलीच्या पोरांना किती भाषा झेपतात यावरून २०२५ मध्ये आपल्याकडे केवढं रान पेटलं होतं, ते आठवत असेल. त्या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली. जी दुसरी भाषा आपण पोरांच्या दप्तरात कधीच घातली आहे, ती घरी शिकवताना आईबापांची काय त्रेधा उडते याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. रात्री साडेनऊला निरोप येतो: ‘दहा राइमिंग वर्ड्स अर्थासह लिहून आणणे.’ मग मोबाइलवर तयार यादी शोधायची आणि पोराने ती उतरवायची. यादीत काय जुळतं ते असतं. का जुळतं, ते नसतं. आणि ते कळलं नाही तर अकरावा शब्द कधीच येत नाही.

जुळतं म्हणजे नेमकं काय जुळतं?

यमक हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शास्त्र काटेकोर पाहिलं तर यमक म्हणजे तोच अक्षरसमूह पुन्हा येणं, पण वेगळ्या अर्थाने. मोरोपंतांनी त्याची हौस आयुष्यभर भागवून घेतली. ओळींच्या शेवटी नुसते सारखे ध्वनी आले तर त्याला अंत्यानुप्रास म्हणायचं. पण बोलताना आपण दोन्हींना यमकच म्हणतो, आणि फारच ओढूनताणून असेल तर ‘ट ला ट लावलाय’ म्हणून मोकळे होतो. इथेही सैलपणेच वापरू.

मराठीत यमक बहुतेक वेळा डोळ्यांनाही दिसतं. ‘पोळी’ आणि ‘टाळी’ कागदावरही शेवटी सारखे दिसतात, कानालाही सारखे लागतात. देवनागरी जवळपास बोलल्याप्रमाणेच लिहिली जाते. (जवळपासच. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एक नाही, हे मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला विचारा.) त्यामुळे आपल्या डोक्यात एक समजूत पक्की बसलेली असते, की सारखं लिहिलं तर सारखं ऐकू येणार. भाचीने रेघ मारली ती याच समजुतीच्या जोरावर. म्हणजे चूक इंग्रजीतली असली तरी ती मराठीच्या चांगल्या संस्कारातून आली होती.

इंग्रजीचा नियम दोन अटींचा आहे. इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर पडतो, त्याला आघात म्हणू. आघात पडलेल्या स्वरापासून शब्दाच्या शेवटापर्यंत सगळे ध्वनी सारखे हवेत, ही पहिली अट. त्या स्वराच्या अगदी आधीचं व्यंजन वेगळं हवं, ही दुसरी. आगगाडी डोळ्यांसमोर आणा: डबे तेच, इंजिन तेवढं बदललं. ‘ॲट’ हे डबे धरले तर कॅट म्हणजे मांजर, हॅट म्हणजे टोपी, मॅट म्हणजे चटई, रॅट म्हणजे उंदीर, बॅट म्हणजे खेळायची फळी आणि वटवाघूळही, व्हॅट म्हणजे मोठं पीप. मुलांना बाराखडी म्हणायची सवय असतेच. ए पासून झेड पर्यंत एकेक इंजिन जोडून पाहायचं आणि अर्थ निघाला तरच लिहायचं. ‘डॅट’, ‘झॅट’ जुळतात, पण अशी गाडी कुठल्याच स्टेशनात लागत नाही.

पहिली अट आपल्याला वाटते त्याहून कडक आहे. ‘डॉक्टर’ आणि ‘कंडक्टर’ मराठी कानाला झकास जुळतात. एखाद्या उखाण्यात ते आले तर कुणी हरकत घेणार नाही. इंग्रजीत मात्र ती जोडी बाद. डॉक्टरमध्ये जोर ‘डॉ’वर, कंडक्टरमध्ये ‘ड’वर, तिथपासून पुढे ऐकलं तर एकीकडे ‘ऑक्टर’, दुसरीकडे ‘अक्टर’. कंडक्टरला इन्स्ट्रक्टर चालेल. तसंच ‘रनिंग’ आणि ‘ईटिंग’. दोघांच्या शेवटी ‘इंग’ आहे म्हणून मुलं हमखास जोडी लावतात, पण जोर आधीच पडून गेलेला असतो. रनिंगला हवा कनिंग, म्हणजे धूर्त.

दुसरी अट तर आपल्या परंपरेच्या नेमकी उलटी. ‘सी’ म्हणजे समुद्र आणि ‘सी’ म्हणजे पाहणे. स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा, उच्चार तंतोतंत एक. संस्कृतच्या पंडिताने याला उत्तम यमक म्हणून दाद दिली असती. इंग्रजीत ही जोडी यमक म्हणून धरत नाहीत, कारण इंजिनही तेच राहिलं. ते समोच्चारी शब्द. गृहपाठात ‘सन’, सूर्य, याच्यापुढे ‘सन’, मुलगा, लिहिलं की फुली पडते ती म्हणून.

कानाची वही देवनागरीत लिहा

त्या रात्री भाचीसोबत मी एक प्रयोग केला. म्हटलं, पुस्तक मीट, मी म्हणतो ते शब्द तू मराठीत लिही. तिने लिहिलं: बेअर, इअर, चेअर, डिअर, हेअर, फिअर, पेअर. मग म्हटलं, आता शेवटं जुळव. अर्ध्या मिनिटात दोन ढीग पडले. बेअर म्हणजे अस्वल, चेअर, हेअर म्हणजे केस, पेअर म्हणजे जोडी आणि नासपतीसुद्धा, हे एका बाजूला. इअर म्हणजे कान, डिअर म्हणजे लाडका किंवा हरीण, फिअर म्हणजे भीती, हे दुसऱ्या. एकही चूक नाही. इंग्रजी लिपी डोळ्याला जे लपवून ठेवते ते देवनागरी चटकन उघडं पाडते. मराठी मुलांच्या हातात हे हत्यार आयतं आहे. इंग्रजी शिकताना मराठी अक्षर चालायचं नाही असा दंडक काही ठिकाणी असतो, तो मला कधीच पटला नाही.

याच रीतीने पाहा: टू म्हणजे दोन, शू म्हणजे बूट, ब्लू म्हणजे निळा, थ्रू म्हणजे आरपार, फ्लू म्हणजे उडाला, झू म्हणजे प्राणिसंग्रहालय. इंग्रजीत सहा शब्दांची सहा तऱ्हांची शेवटं, टी-डब्ल्यू-ओ पासून ओ-यू-जी-एच पर्यंत, आणि कानाला सगळी ‘ऊ’. किंवा वर्ड म्हणजे शब्द, बर्ड पक्षी, थर्ड तिसरा, हर्ड ऐकलं, आणि कळपाचा हर्डही. पुट आणि बट कागदावर सख्खी भावंडं दिसतात, पण पुटची जोडी फुटशी, म्हणजे पावलाशी, आणि बटची कट, हट, नटशी.

उलट बाजूला ओ-यू-जी-एच हे चार अक्षरांचं शेपूट. टफ म्हणजे चिवट, कॉफ म्हणजे खोकला, दो म्हणजे जरी, थ्रू आरपार, बाउ म्हणजे झाडाची फांदी. शेपूट एकच, पण पाच जणांत एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही. टफला रफ लागतो, कॉफला ऑफ, दोला गो, थ्रूला टू आणि बाउला काउ.

पण या हत्याराची धार एका ठिकाणी बोथट आहे. मुंबईची बेस्ट बस, शाळेतली टेस्ट, भाजीची टेस्ट आणि दात घासायची पेस्ट: देवनागरीत चारही सारखंच लिहितो, आणि आपण बोलतोही जवळजवळ सारखंच. इंग्रजीत हे दोन वेगळे गट आहेत. परीक्षेची टेस्ट बेस्टशी, रेस्टशी, नेस्टशी जुळते. तिथला ए ऱ्हस्व आहे. चवीची टेस्ट पेस्टशी जुळते आणि वाया घालवण्याच्या वेस्टशी. तिथला ए लांब, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा. ‘वेस्ट’ची तर बहारच आहे: पश्चिम, बनियन, कंबर आणि नासाडी, चौघांना आपण एकच पाटी लावतो. अशा ठिकाणी देवनागरीवर विसंबू नये, शब्द लांबवून म्हणून बघावा.

पाट्या जुन्या, भाडेकरू नवे

मग हे स्पेलिंग इतकं वाकडं झालं कसं? इंग्रज मुळातच असे विचित्र, हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. एके काळी इंग्रजीही बरीचशी बोलल्यासारखीच लिहीत असत.

जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्यावर एकेक स्वर भाड्याने राहतोय. तोंडात जीभ जितकी वर, तितका वरचा मजला: तळाला ‘आ’, मधे ‘ए’ आणि ‘ओ’, वर ‘ई’ आणि ‘ऊ’. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले लांब स्वर एकेक मजला वर सरकले. वरच्या मजल्यावरच्यांना आणखी वर जागाच नव्हती, ते फुटून ‘आइ’ आणि ‘आउ’ झाले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने पुढे या घडामोडीला ‘मोठं स्वरांतर’ असं नाव दिलं.

त्याआधी ‘टाइम’चा उच्चार ‘टीम’सारखा होता. ‘मीट’, म्हणजे भेटणे, हा ‘मेट’च्या जवळ होता. ‘फूड’ हा ‘फोड’च्या जवळ. ‘नेम’ जवळपास ‘नाम’ होता, आणि हा योगायोग नाही: आपलं नाम आणि त्यांचं नेम एकाच प्राचीन मुळाचे. ‘माउस’ हा ‘मूस’ होता. आपल्या गणपतीचं मूषक आठवा. ‘नाइट’मधले जी आणि एच नुसते शोभेला नव्हते, तिथे खरखरीत ‘ख’सारखा ध्वनी होता, आणि संस्कृतात रात्रीला ‘नक्त’ म्हणतात. म्हणजे सहाएकशे वर्षं मागे गेलं की इंग्रजी आपल्याला उलट ओळखीची वाटू लागते. याचं मला अजून नवल वाटतं.

आता घोटाळा कुठे झाला ते पाहा. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. दारांवर खिळे ठोकून पाट्या बसल्या त्या नेमक्या चाळीत भाडेकरूंची हलवाहलव चालू असताना. माणसं वर गेली, पाट्या खालीच राहिल्या. आज आपण पाटी वाचून दार ठोठावतो आणि भलताच माणूस बाहेर येतो.

शिवाय सगळे एकदम हलले नाहीत. ‘ब्लड’, ‘गुड’ आणि ‘फूड’ तिघांत दोन ओ, कारण तिघांचा स्वर पूर्वी लांब ‘ओ’ होता. तिघं ‘ऊ’वर गेले. मग ब्लड लवकर ऱ्हस्व झाला आणि पुढे घसरून ‘अ’वर आला, गुड उशिरा ऱ्हस्व झाला, फूड होता तसा लांब राहिला. आज तिघांचं एकमेकांशी यमक नाही. ई-ए या जोडीचंही तसंच. सी, टी, मीट म्हणजे मांस, हे ‘ई’पर्यंत पोचले, ग्रेट, ब्रेक, स्टेक जिन्यातच थांबले, ब्रेड, हेड आखूड होऊन बसले.

आणि आमच्या अस्वलाचं आणि कानाचं काय? तेही एके काळी एकाच मजल्यावर राहायचे, दोघांचा स्वर मोकळा लांब ‘ए’. पुढे कान वर गेला, अस्वल मागे राहिलं. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये भाचीची रेघ बरोबर ठरली असती. तिचं उत्तर चुकलेलं नव्हतं, उशिरा आलं होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “मग बाईंना सांगू?” म्हटलं, राहू दे.

जुन्या यमकांत अडकलेले उच्चार

ध्वनिमुद्रण नव्हतं त्या काळातले उच्चार अभ्यासकांना कळले कसे? एक मोठा पुरावा यमकांचाच. अलेक्झांडर पोपने १७१४ साली छापलेल्या आपल्या दीर्घ विनोदी काव्यात राणीच्या दरबाराचं वर्णन करताना ‘ओबे’, म्हणजे आज्ञा पाळणे, याला ‘टी’, म्हणजे चहा, जुळवला आहे. पोपसारखा कसलेला कवी यमकात ढिला पडेल हे संभवत नाही. तेव्हा चहाला ‘टे’ म्हणत, एवढाच त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध सुनीताचा शेवट ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’ या जोडीवर होतो. आज ती फक्त डोळ्यांना जुळते. त्याच्या काळात कानालाही जुळत असावी असं उच्चारांचे अभ्यासक मानतात.

पण न जुळणारं प्रत्येक यमक जुन्या उच्चाराचा पुरावा नसतं, काही नुसती चालवून घेतलेली असतात. काळ्या मेंढीचं बालगीत आपल्याकडे बालवाडीतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. त्यात लोकरीची एक पिशवी मालकाला, एक ‘डेम’ला, म्हणजे मालकिणीला, आणि एक ‘लेन’मध्ये, म्हणजे गल्लीत, राहणाऱ्या मुलाला. डेम आणि लेन: स्वर एक, शेवटचं व्यंजन वेगळं. हे अर्धं यमक. गाण्याच्या चालीत ते खपून जातं. टेकडीवर पाणी आणायला गेलेल्या जॅकचंही असंच ऐकायचं. तो पडतो आणि त्याचा ‘क्राउन’ फुटतो. चित्रांच्या पुस्तकात कधी कधी त्याच्या डोक्यावर मुकुट काढलेला असतो, आणि वर्गही तसाच समजतो. इथे क्राउन म्हणजे टाळू, डोक्याचा वरचा भाग. ‘डाउन’शी जुळायला तो शब्द घेतलाय खरा, पण राजाशी त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यात मोठी गंमत आपल्या रोजच्या ए-बी-सी-डीच्या गाण्यात आहे. हे गाणं १८३५ साली अमेरिकेत, बॉस्टनला नोंदवलं गेलं. त्याचे थांबे पाहा: जी, पी, व्ही, आणि शेवटी ‘झी’, कारण अमेरिकेत शेवटच्या अक्षराला झी म्हणतात. पुढची ओळ ‘सी’वर आणि ‘मी’वर संपते. सगळं घट्ट बसलेलं. आपण मात्र इंग्रजांकडून ‘झेड’ घेतला आणि गाणं अमेरिकेचं. त्यामुळे आपल्या लाखो पोरांच्या तोंडी हे गाणं ऐन शेवटी, झेडपाशी, एक गचका खातं. लहानपणी मलाही तिथे काहीतरी खुपायचं. काय, ते पस्तिशीत कळलं.

यमक जुळलं की अर्थही जुळतो का?

नाही. साफ नाही. कॅटचा हॅटशी काय संबंध? पण विषय इतक्यावर संपत नाही, कारण यमक आणि अर्थ यांची तीन ठिकाणी गाठ पडते.

पहिली रोजच्या उपयोगाची. एकच स्पेलिंग दोन अर्थांनी येतं तेव्हा कुठला अर्थ आहे ते यमक सांगतं. टी-ई-ए-आर हा शब्द ‘फिअर’शी जुळला तर ‘टिअर’, म्हणजे अश्रू. ‘बेअर’शी जुळला तर ‘टेअर’, म्हणजे फाडणे. एल-ई-ए-डी ‘बेड’शी जुळला तर शिसं, ‘नीड’शी जुळला तर नेतृत्व करणे. डब्ल्यू-आय-एन-डी ‘काइंड’शी जुळला तर घड्याळाला चावी देणे, नाहीतर वारा. गृहपाठात ‘अर्थासह’ लिहायला सांगतात ते इथे खरं कामाला येतं.

दुसरी गाठ जरा धूसर आहे. टंबल म्हणजे कोलमडणे, स्टंबल म्हणजे अडखळणे, फंबल म्हणजे चाचपडणे, मंबल म्हणजे पुटपुटणे, क्रंबल म्हणजे भुगा होणे, ग्रंबल म्हणजे कुरकुरणे. सगळ्यांत एक ढिसाळ गडबड आहे, नाही का? किंवा बंप, लंप, हंप, म्हणजे टेंगूळ, गोळा आणि उंटाचं मदार: सगळे फुगीर. ध्वनीच्या तुकड्याला असा अर्थाचा वास लागतो, याला जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली वेगळं नावच दिलं. हे फर्थ त्याआधी बरीच वर्षं लाहोरला इंग्रजी शिकवत होते. आपल्याकडेही फडफड, धडधड, तडफड, खडखड यांत काय आहे दुसरं? पण याला नियम समजू नये. टंबलच्या रांगेत हंबलही उभा आहे, म्हणजे नम्र, आणि त्याचा कोलमडण्याशी काडीचाही संबंध नाही.

तिसरी गाठ जोडशब्दांची. आपण शेजारीपाजारी, अघळपघळ, उरलंसुरलं म्हणतो, तसे इंग्रजीत हेल्टर-स्केल्टर म्हणजे सैरावैरा, हमड्रम म्हणजे रटाळ, विली-निली म्हणजे इच्छा असो वा नसो. यातला एक शब्द थेट आपल्या रस्त्यांवर जन्मला. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश ऐकून गोऱ्या शिपायांनी त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं. यूल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानात इंग्रजीत शिरलेल्या शब्दांचा मोठा कोश १८८६ साली काढला, त्याला नाव दिलं ते हेच. दुःखाच्या हाकेचं त्यांच्या कानाने यमक करून टाकलं, याची गंमतही वाटते आणि जरा बोचतंही.

अर्थाशी सर्वात बेरकी खेळ मात्र लंडनच्या पूर्व भागातल्या कॉकनी लोकांचा. एकोणिसाव्या शतकातल्या फेरीवाल्यांनी आणि मजुरांनी तिथे यमकांची चोरभाषा रचली. १८५९ च्या एका शब्दकोशात तिची नोंद आहे. जिन्याला ‘स्टेअर्स’ न म्हणता ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणायचं. ‘लुक’, म्हणजे नजर, याला ‘बुचर्स हुक’, खाटकाचा आकडा. त्यापुढची पायरी म्हणजे जुळणारा शब्दच गाळून टाकायचा: ‘जरा बुचर्स दे’ म्हणजे जरा बघ. यमक होतं कुठे, ते बाहेरच्याला समजायची सोयच उरत नाही. करीला तिथे ‘रुबी’ म्हणतात, कारण रुबी मरे नावाची गायिका १९५०च्या दशकात फार गाजली आणि तिचं आडनाव करीशी जुळतं. आपल्या रश्शाला बेलफास्टच्या बाईचं नाव!

हे बालवाडीचं खूळ तर नाही?

असा आक्षेप मी बऱ्याच पालकांकडून ऐकला आहे. कविता करायच्या नसतील तर यमकं कशाला घोकायची? घोकायची नाहीतच, ऐकायची. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी अजून वाचता न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांची चाचणी घेतली: तीन-चार शब्द ऐकवायचे आणि न जुळणारा ओळखायला लावायचा. काही वर्षांनी पाहिलं तर ज्यांचा कान आधी तयार होता ती मुलं वाचनात आणि स्पेलिंगमध्ये पुढे होती. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. बुद्धिमत्तेचा हिशेब वजा करूनही हा दुवा टिकला. कारण समजायला अवघड नाही. ‘कॅट’मधून ‘क’ वेगळा काढता आला की शब्द ध्वनींनी बनतो हे कळतं, आणि अक्षर कशाची खूण आहे तेही. लाइट वाचता आलं की फाइट, नाइट, टाइट जवळपास फुकट मिळतात.

मग स्पेलिंगच सुधारून टाका की!

हाही रास्त प्रश्न, आणि तो इंग्रजांनाही पडत आला आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉने तर आपल्या मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करायला पैसे ठेवले होते. लिपी तयार झाली, वापरली कुणीच नाही. अडचण अशी की सुधारायचं ते कुणाच्या उच्चाराप्रमाणे? ब्रिटनमध्ये ‘क्लार्क’ हा ‘डार्क’शी जुळतो. अमेरिकेत तोच माणूस ‘क्लर्क’ होतो आणि ‘वर्क’शी जुळतो. आपले कारकून ब्रिटिशांच्या बाजूचे. म्हणून यमक बरोबर की चूक याचं उत्तर काही वेळा ‘कुठे?’ या प्रतिप्रश्नावर अवलंबून असतं. जुळणीच्या याद्या मोबाइलवर शोधता तेव्हा त्या बऱ्याचदा अमेरिकी कानाने केलेल्या असतात, एवढं लक्षात ठेवलं तर पुष्कळ भांडणं टळतील.

जुळतं ते खरं वाटतं

मोठ्यांनी जपायचा धोका दुसराच आहे. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श या अमेरिकी संशोधकांनी २००० साली एक मजेदार प्रयोग मांडला. ‘वोज युनाइट फोज’, म्हणजे संकटं शत्रूंनाही एकत्र आणतात, हे वाक्य लोकांना दाखवलं. दुसऱ्यांना त्याच अर्थाचं, पण यमक काढून टाकलेलं. यमक असलेली वाक्यं लोकांना जास्त खरी वाटली. शब्दांची गोडी बाजूला ठेवून नुसता अर्थ तोला, असं सांगितल्यावर हा फरक बराच ओसरला.

‘अति तेथे माती’ कुणी खोडून काढलेलं मी ऐकलेलं नाही. ‘अति केल्याने नुकसान होतं’ म्हणा, लगेच कुणीतरी अपवाद सांगेल. जाहिरातवाले आणि निवडणुकीच्या घोषणा लिहिणारे हे कधीपासून ओळखून आहेत.

आणि ज्यांना जोडीच नाही ते?

शेवटी भाचीने नेमकं तेच विचारलं. थंडीचे दिवस, समोर नागपूरची संत्री सोलून ठेवलेली. “मामा, ऑरेंजला काय?”

इंग्रजीतले कवी या शब्दापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात टेकत आले आहेत. रोजच्या वापरातला एकही शब्द ऑरेंजशी पूर्ण जुळत नाही. वेल्समध्ये ब्लोरेंज नावाचा एक डोंगर आहे, तो तेवढा आधाराला येतो. सिल्व्हरला, म्हणजे चांदीला, ‘चिल्व्हर’ सापडतो, अर्थ मेंढीची मादी कोकरू. पण तो शब्द मेंढपाळांनाही आठवेल की नाही कोण जाणे. मंथचीही, म्हणजे महिन्याची, तीच गत. ऑरेंज शब्द मुळात आपल्याकडचाच: नारंग इथून फारसीत गेला, तिथून अरबीत, पुढे युरोपात, आणि वाटेत कुठेतरी सुरुवातीचा ‘न’ सांडला.

ती फोड तोंडात टाकून विचार करत बसली. मग म्हणाली, “मराठीत सोप्पंय. संत्रं, यंत्रं, तंत्रं, मंत्रं.” आणि लिहायला वही ओढली.